दोन्ही टोकं एकाच डब्यात

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कम्प्युटरचा डिप्लोमा केलेला मी एकटाच होतो. त्यामुळे इंटरनेट बंद पाडण्याचा मानही माझ्याकडेच आला.

तेव्हा आमचं आणि शेजारच्या रशीदचाचांचं इंटरनेट एकच होतं. (ज्या गच्चीवरून शिरखुर्मा यायचा, तिच्यावरूनच तार जायची.) आमच्या हॉलमधून तार ताईच्या खोलीतल्या इंटरनेटच्या डब्यात आणि तिथून पुढे चाचांकडे. आईने ताईच्या खोलीतलं बटण बंद केलं, की चाचांच्या बातम्या बंद!

"अरे बेटा, फिर गया!" अशी हाक आली की मी धावायचो. फार छान दिवस होते ते.

मग ताईची पुण्याच्या कंपनीत ऑनलाइन मुलाखत ठरली आणि मला चेव आला.

"ही रांगच चुकीची हाय. मधी एक डबा ठेवायचा, त्यातून प्रत्येकाला वेगळी तार!"

"उद्या कर," ताई म्हणाली. "आज मुलाखतीआधी हात लावू नको."

मी लावला. काम झकास झालं. फक्त जुनी लांबलचक तार उरली. तिची टोकं लोंबकळत होती, ती बरी दिसेनात, म्हणून मी दोन्ही टोकं त्याच डब्याच्या रिकाम्या भोकांत खोचून टाकली.

डब्यावरचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकले आणि इंटरनेट गेलं! (अशा तारेतून निरोप फिरून फिरून त्याच डब्यात येतात आणि डबा गुदमरतो. हे परीक्षेत आलं होतं. मी तो प्रश्न ऑप्शनला टाकला होता!)

"पाच मिनिटं राहिलीत!" ताई रडकुंडीला आली.

"बेटा, फिर गया!" गच्चीवरून चाचा.

"इंटरनेट कंपनीचाच बिघाड हाय!" मी छातीठोकपणे सांगितलं.

तेवढ्यात आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली.

"दोरी तुटली रे. ही तार घेऊ का? डब्यातून निघून डब्यातच चाललीय, कुठं जातच नाय!"

माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने दोन्ही टोकं उपसली.

"आ गया, बेटा, आ गया!"

ताईची मुलाखत झाली, नोकरीही लागली. आता ती पुण्यात, चाचा मुलाकडे बजाजनगरला. प्रत्येकाचं इंटरनेट वेगळं. ते गेलं तरी मला कुणी हाक मारत नाही, आणि त्याचं खरंच वाईट वाटतं.

ती तार मात्र आईने गच्चीवर दोन खांबांना बांधली, ती आजवर एकदाही बंद पडलेली नाही. माझे बनियन तिच्यावरच वाळतात.