दुकान पूर्ववत सुरू झाले आहे

शामरावमामा गेल्याची बातमी मला घरच्यांच्या आधी हसीनाभाभींनी दिली. कुरुंदवाडात त्यांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. फोनवर त्या म्हणाल्या, "दादा, तुमचं मामा गेलं म्हणं... वाईट झालं. पर आता खरं सांगणार कोण?" त्यांच्या विम्याच्या तक्रारीचं काम मी बघत होतो; तिची सुनावणी दोन महिन्यांवर आली होती. ज्या एका माणसाच्या शब्दावर ती फिरू शकली असती, तो न बोलता गेला होता. या सहा आठवड्यांत मामांविषयी बरंच गोड लिहून आलं. माझ्याकडे आहे ते तितकं गोड नाही.

मामा कोल्हापुरातल्या एका देवस्थानाच्या मदत समितीचे प्रमुख होते. महापुरात कमरेइतक्या पाण्यातून त्यांनी तांदळाची पोती पोचवली, हे खरं आहे. मी पाहिलं आहे. पाणी ओसरल्यावर समितीनं दुकानदारांना साहित्य वाटलं. हसीनाभाभींचा सगळा कापूस कुजला होता, तो पिंजायचं यंत्र गाळात गेलं होतं. त्यांना मिळालं शिलाई मशीन. सोबत एक छापील आभारपत्र सहीसाठी पुढं आलं. वर देवाचं चित्र, खाली मजकूर: 'देवाच्या कृपेने माझ्या नुकसानीची पूर्ण भरपाई झाली असून दुकान पूर्ववत सुरू झाले आहे.' मागं रांग होती. भाभींनी सही केली. "देवाचा कागद. सगळ्यांम्होरं वाचत बसलं तर इश्वास न्हाय असं दिसतंय की," असं त्या मला नंतर म्हणाल्या. ही पत्रं समितीनं देणगीदारांसाठी पुस्तिकेत छापली. पुस्तिका विमा कंपनीपर्यंतही पोचली. भरपाई झाल्याचं दावेदारानंच लिहून दिलं आहे, असं कारण देऊन कंपनीनं दावा फेटाळला.

मी भाभींना घेऊन मामांकडं गेलो. मागणं एका ओळीचं होतं: हा मजकूर समितीनं आधीच छापून आणला होता, एवढं लिहून द्या. मामांनी चहा सांगितला आणि भाभींना विचारलं, "तुला मशीन दिलं का न्हाय?"

"दिलं की, मामा. खोळी शिवतोय आमी. आत भरायचं काय, तेवढं सांगा."

मामा हसले नाहीत. "देणगीदारास्नी काय सांगू? देवाच्या कामात लबाडी झाली म्हणून?" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. मी पुन्हा तीनदा गेलो. नंतर ते मला टाळू लागले... आणि मग आजारी पडले. भाभींचं दुकान बंद झालं. त्या आता दुसऱ्याच्या खोळी शिवतात.

मामांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही, असं लोक सांगतात. ते खरंच आहे. देवस्थानाच्या नावाला डाग नको म्हणून त्यांनी एका बाईचा रोजगार जाऊ दिला. हे लोभापेक्षा बरं कसं, ते मला अजून कळलेलं नाही. मदत करणाऱ्यानं आभारांची अपेक्षा ठेवावी, इथवर मी समजू शकतो. आभार कोणत्या शब्दांत मानायचे, हेही त्यानंच ठरवून छापून आणावं आणि त्या शब्दांनी समोरच्याचा हक्क बुडाला तरी गप्प राहावं, याला मी सेवा म्हणणार नाही.

तेराव्यानंतर मामींनी मला मामांच्या खोलीत बोलावलं. देवाचं चित्र असलेला कागद मामा कधी रद्दीत जाऊ देत नसत. लग्नपत्रिका, उदबत्तीचे पुडे, जुनी कॅलेंडरं साठवून वर्षातून एकदा ते शेतात पुरत. कपाटाच्या तळाशी दोरीनं बांधलेला गठ्ठा होता. "औंदाचं ह्यांचं ऱ्हाऊनच गेलं बघ. तू पुरून येतोस काय?" मामी म्हणाल्या. मी गठ्ठा सोडला. कॅलेंडरांखाली उरलेली आभारपत्रं होती. नावाची जागा कोरी, सहीची जागा कोरी. भरपाई मात्र पूर्ण झालेली, दुकान सुरू झालेलं. भाभींच्या सुनावणीसाठी लागतील, असं सांगून मी वीसेक पत्रं बाजूला काढली.

मामींनी त्यातलं एक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "ह्याच्यावर कुणाच्या सह्याच न्हाईत की रं. चालंल काय?"

"चालतंय, मामी," मी म्हणालो. "बिनसहीचीच पायजेत."