डोळ्यांची आखणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, असं स्वतःला बजावत आलो — कुणाला मारलं नाही, कुणाचं लुबाडलं नाही. एक शब्द खोटा बोललो, एवढंच. पण तो मी साठेक वेळा बोललो, आणि ज्या माणसाशी बोललो त्यानेच मला ब्रश धरायला शिकवलं होतं.

ते माझे थोरले काका. वडील लवकर वारले, काकांनी वाढवलं. विजयदुर्गच्या खाडीकाठी आमची गणपतीची शाळा होती — जिथे मूर्ती घडवतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. नागपंचमीपर्यंत घरोघरचे पाट येऊन पडत, आणि ज्या घराचा पाट त्यावर त्या घराचा गणपती बसे. साठेक घरं होती, पिढ्यान् पिढ्यांची. माती मळायला, रंग द्यायला माणसं असत. डोळ्यांची आखणी मात्र काकाच करत.

मी तेव्हा मुंबईत चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होतो. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, इतकी जुनी गोष्ट. सरांनी सांगितलं होतं, आता नकला पुरे, स्वतःचं काम उभं करा. स्वतःचं — म्हणजे काय होतं माझ्याकडे? काहीही काढलं तरी भुवई कमानदार व्हायची, डोळा लांबट, पाणीदार. वर्गातले मला ‘गणपतीवाला’ म्हणत. हसत म्हणत, पण मला ते झोंबायचं. तो हात मला मोडून काढायचा होता. म्हणून श्रावणात सुट्टी घेऊन गावी आलो — पावसाळ्यात बोटी बंद, एसटीचे धक्के खात — आणि घरामागच्या मांगरात, गवताचे भारे एका बाजूला सारून, कॅनव्हास लावून बसलो. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारी माणसं आठवून आठवून काढत होतो. मुद्दाम बिनडोळ्यांची.

जमत काही नव्हतं. दिवसभर रंग लावायचा, संध्याकाळी खरवडायचा.

एका सकाळी काका मांगराच्या दारात आले. “औंदा आखणी तू करशीत?” म्हणाले. “माका जरा धुक्यासारख्या दिसता.”

त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. “माका माझा काम आसा, काका.” ते बरं म्हणून गेले.

मग त्यांनी स्वतःच आखायला घेतलं. पहिली मूर्ती झाली आणि मला हाक मारली. “बघ रे, सरळ इले मां?”

नव्हते आले. डावं बुबुळ नाकाकडे सरकलेलं, गणपती चक्क तिरळा. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढायला किती वेळ लागला असता? पण नाही म्हटलं असतं तर ब्रश माझ्या हातात आला असता, आणि ज्या हातापासून पळत होतो तोच पुन्हा पक्का झाला असता — असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. खरं तर मला कटकट नको होती. मी म्हटलं, “बरे आसत.” काकांचा चेहरा उजळला, तेवढा मी आजही विसरू शकत नाही. चौथ्या-पाचव्या मूर्तीपासून मी आत न जाता दारातूनच सांगू लागलो.

चतुर्थीला भजनाच्या मेळ्याबरोबर घरोघरी गेलो. एका घरात लहान मुलीने आईला विचारलं, “बाप्पा असो कसो बघता?” आई म्हणाली, “गप रव गो. देवाक नावां ठेवूची नसतत.” दुसऱ्या एका घरी हार असा चढवला होता की डोळे झाकले जावेत. पण काकांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन कोण मोडणार?

माझी चित्रं परीक्षकांनी उभ्या उभ्या पाहिली. डिप्लोमा जेमतेम मिळाला. त्यानंतर एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर झालो आणि स्वतःसाठी पुन्हा काही काढलं नाही.

पुढच्या नागपंचमीला काकांच्या शाळेत एकही पाट आला नाही. काका दिवसभर ओसरीवर बसून होते, काकीने नंतर सांगितलं. मी चतुर्थीच्या दोन दिवस आधी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “लोक कित्याक फिरले रे?” मी म्हटलं, लोकांना आता नव्या फॅशनचे गणपती लागतात. त्यांना ते पटलं. पटणारच, मी शहरात शिकलेला.

त्या वर्षी त्यांनी फक्त घरचा गणपती केला. आखणी झाल्यावर मला बोलावलं. मला कुठलं चित्र पुरं करायचं नव्हतं, परीक्षा नव्हती, अख्खा दिवस मोकळा होता. डोळे गेल्या वर्षीपेक्षा वाईट होते. मी पुन्हा तेच सांगितलं. खरं बोललो असतो तर मागचंही बाहेर आलं असतं — एवढ्यासाठी.

काका त्यानंतर तीन वर्षं जगले. गावात कुणाच्या गणपतीला गेले नाहीत. ज्या माणसांनी त्यांच्यासाठी तोंड मिटून ठेवलं, त्यांनाच ते अखेरपर्यंत बेइमान म्हणत राहिले. मी शेजारी बसून मान हलवत असे.