विदर्भावरचं झाकण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळलेलं नाही.

नागपुरातल्या एका कार्यालयात मी उपग्रहाकडून आलेली माहिती वाचतो. ज्वालामुखीतून निघणारा गंधकाचा वायू आकाशात कुठे आहे, किती आहे, ते शोधायचं. जमिनीवरून परत फिरलेल्या उन्हातला थोडा भाग हा वायू गिळतो. जेवढं ऊन कमी, तेवढा वायू जास्त. वीस वर्षं झाली, अजून मला याचं नवल वाटतं. इतक्या उंचावरून कोणी उन्हातली तूट मोजावी, आणि आम्ही इथे चहा पीत ती वाचावी!

पण आपल्या भागात कोळशावरची वीजकेंद्रं. त्यांच्या धुराड्यांतूनही हाच वायू निघतो. नकाशावर रोज तेच डाग. म्हणून ज्वालामुखी शोधताना आम्ही ते डाग झाकतो. आमच्यात त्याला ‘झाकण’च म्हणतात. प्रत्येक केंद्राला वेगळं, बेताचं झाकण — किचकट काम. एका दुपारी मी ते... थांबा, आधी वैशालीचं सांगतो.

वैशाली माझ्या हाताखाली कंत्राटावर होती. काटोलची, बडबडी, मला भाऊ म्हणायची. दूर देशी ज्वालामुखी फुटला आणि त्याचा वायू आपल्याकडे निघाला, तेव्हा ती खुर्चीत बसेना. "भाऊ, पाहा न! अख्खा समुद्र ओलांडून येऊन राहिला तो!" शेजारी भिवापुरी मिरचीची फोडणी पडली की आपल्याला ठसका लागतो, ते समजतं. पण पृथ्वीच्या पोटातलं काही हजारो किलोमीटर चालत आपल्या दारी येतं? मी हात जोडले, खरंच.

दुसऱ्या दिवशी नकाशावर तो पट्टा वर्ध्यापाशी सुरीने कापल्यासारखा थांबला होता. पुढे कोरं. आभाळात कधी सरळ रेघ असते का? तोवर ‘नागपूरवर वायू नाही’ असं आम्ही विमानवाल्यांना कळवूनही बसलो होतो. नशीब, काही झालं नाही. झाकण काढलं, तर पट्टा थेट आपल्या डोक्यावरून गेलेला. अख्खं शहर त्याखाली संत्री घेत होतं, सिग्नलला थांबत होतं, आणि कोणाला पत्ता नव्हता.

साहेबांनी विचारलं, हे एवढं झाकण कोणाचं? नोंदीत नाव वैशालीचं.

ती गोंधळली. "मले तर आठवत नाही सर... पण माझंच नाव दाखवून राहिलं, तर मीच केलं असन."

मी तिथेच उभा होतो, हातात कप. तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

ते झाकण माझं होतं. ती जेवायला गेली असताना, तिच्याच नावाने उघड्या राहिलेल्या कॉम्प्युटरवर, कंटाळा करून मी अख्ख्या पूर्व विदर्भावर एकच टाकलं होतं. बोललो असतो तर काय झालं असतं? माझी नोकरी पक्की — फार तर एक मेमो. मी एका मेमोला भ्यालो.

आता ती काटोलला शिकवणी घेते. गेल्या वर्षी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग हळूच म्हणाली, "भाऊ, खरं सांगा, ते मीच केलं होतं का? मले अजूनही आठवत नाही."

मी म्हणालो, "होते वं असं घाईत."

मग तिने माझी माफी मागितली — तिच्यामुळे त्या दिवशी मलाही खाली मान घालावी लागली, म्हणून.

मी म्हटलं, "जाऊ दे."