मोठ्या पातेल्यातला चहा

इकडं ये बघू, जरा जवळ सरक. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, बोलतेय तुझ्याशीच. परवा फोनवर विचारलंस, "आजी, आजोबा आमदार होते, मग आपल्याकडं गाडी कशी नव्हती?" खुळी का काय गं तू! एसटीत आमदारांसाठी एक सीट राखून ठेवलेली असायची, तीच त्यांची गाडी. त्या सीटवरही बहुतेक वेळा एखादी लेकुरवाळी बसलेली आणि हे दांडीला धरून उभे.

गाडी नव्हती, पण पातेलं होतं. पितळेचं, दोघांनी उचलायचं. बिद्रीच्या बाजूच्या आपल्या गावात पहाटे पाचला मी त्यात चहाचं आधण ठेवायची. सहापासून बाहेरच्या सोप्यात माणसं. कुणाला विहिरीवर लाइट पाहिजे, कुणाच्या पोरीला नर्सिंगला घालायचंय, कुणाचं सासू-सुनेचं भांडणसुद्धा. हे दाढी करून, पांढरी कापडं घालून, नाव आणि 'आमदार' छापलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसायचे. मी आतनं कुरकुरायची, "ह्या घरातली चूल कधी विझायची म्हणून न्हाय." मनातनं मात्र आवडायचं मला ते.

दोनदा निवडून आले. तिसऱ्या वेळी मतमोजणीला हे तालुक्याला गेले. दुपारी आपला एक कार्यकर्ता मोटारसायकल उडवत आला. "वैनी, आपला गडी पुढं हाय! काढा गुलाल!" जोतिबावर उधळायला आणलेलं गुलालाचं पोतं कोपऱ्यात होतंच. आपली माणसं कसली दम धरतात! सोपा लाल, तुळस लाल, मी लाल, शेजारणीची म्हैससुद्धा लाल. ती बाई ओरडतेय, "आता डेअरीला लाल दूध घालू व्हय रं मुडद्यांनो?" आणि मी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी.

संध्याकाळच्या एसटीनं हे आले आणि माझ्या हातातलं ताट जडच झालं. अंगावरची कापडं पांढरी शुभ्र. गुलालाचा ठिपका नाही. सगळं अंगण लाल आणि मधोमध हे एकटेच पांढरे. अंगणभर नजर टाकून म्हणाले, "शेवटच्या पेट्या फुटायच्या आधीच शिमगा उरकलासा व्हय रं?" एकेक जण मान खाली घालून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सवयीनं मी पातेलंभर चहा टाकला. ह्यांनीही सवयीनं दाढी केली आणि कागद घेऊन सोप्यात बसले. सहा वाजले, सात वाजले. कुणी फिरकेना. आमदारकी गेल्याचं मला एवढं नव्हतं गं. पण त्या रिकाम्या सोप्यात ताठ बसलेला माणूस बघवेना. चहा उकळून उकळून काळा झाला.

आठला दारात कल्हईवाले चाचा. "वैनी, पातेलं द्या. कल्हई गेलीया त्याची."

म्हटलं, "ऱ्हाऊ दे चाचा. आता एवढ्या पातेल्यातला चहा कोण पितंय?"

"मी हाय की. मला एक कप द्या, बाकीचा दुसऱ्यात वता."

त्यांनी अंगणात भट्टी लावली, भाता सुरू केला. कल्हईच्या नवसागराचा धूर गल्लीभर गेला तशा बायका घरातली भांडी घेऊन निघाल्या. त्यांच्या मागनं घागरी-टोप उचलून त्यांचे नवरे. काल गुलाल उधळणारेच सगळे! लाजत लाजत सोप्याच्या कडेला टेकले. मी कप पुढं केले. एका म्हाताऱ्यानं टोपीतनं घडी केलेला कागद काढला. "आमदारसाहेब, जरा चिट्ठी द्या की दवाखान्याला."

हे म्हणाले, "मी आता आमदार न्हाय, बाबा."

"ते मुंबईला. हितं काय झालंय?"

ह्यांनी पेन काढलं, छापील 'आमदार'च्या आधी हातानं 'माजी' लिहिलं, आणि चिट्ठी लिहायला घेतली. तो गठ्ठा संपेपर्यंत तसंच लिहीत राहिले. मी आत जाऊन पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा आधण ठेवलं. चाचांचा आमच्या गल्लीतला वार सोमवार, आणि तो दिवस होता बुधवार, हे फार उशिरा ध्यानात आलं माझ्या.

ते पातेलं अजून हाय. परवाच चाचांच्या नातवाकडनं कल्हई करून घेतली. पण एकटीच्या चहाला ते कशाला काढू? ये गं लवकर. आणि एकटी येऊ नकोस, चार मैत्रिणी घेऊन ये. सोपा मोठा हाय.