बांधलेली शिदोरी

हे मी आजवर घरात कुणालाच सांगितलं नाही. विद्यापीठात कॉलेजआधीच्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर होतं, त्यात माझ्या पोरीची निवड झाली होती, आणि तिला पाठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. घरात "बघू" म्हणत राहिलो. खरं बोललो ते फक्त शेजारच्या वहिनींपाशी.

वहिनी दर वाक्याला "बराबर का?" जोडतात आणि उत्तराला कधी थांबत नाहीत. त्या दिवशी मात्र लसूण सोलत नुसतं "अस्सं" म्हणाल्या.

गाडीच्या दिवशी सकाळी त्या दशम्या-चटणी फडक्यात बांधून दारात उभ्या. पोरीसमोरच म्हणाल्या, "भाऊजी, बांधलेली शिदोरी घरात सोडत न्हाईत. जल्दी करा, गाडी निघून राह्यली. बराबर का?" आणि गेल्या. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी गुमान चप्पल घातली आणि तिला परतूर स्टेशनावर नेलं.

पोरगी परतली ती ताठ मानेनं. "बाबांनी पाठवलं," असं गल्लीभर सांगत सुटली. वहिनींनी ऐकलं.

"बाप असावा तर असा. बराबर का, भाऊजी?" म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच उत्तराला थांबल्या.

ते उत्तर पोरीसमोर द्यायचं अजून माझ्याकडे बाकी आहे.