भेगेवरची काच

ओल्या सिमेंटचा वास आला की मला आमच्या मंगळवार पेठेतल्या घराची मागची भिंत आठवते. दादाच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती आणि त्याच्यासाठी वर एक खोली चढवायचं बाबांच्या मनात होतं, पण त्या भिंतीला खालपासून वरपर्यंत भेग होती. गवंड्यानं भेगेवर काचेची पट्टी आडवी धरून दोन्ही टोकं सिमेंटनं बसवली आणि बजावलं, "सोमवारी येतो. काच तडकली तर भिंत अजून हलतीया. मग वर वीट चढवायची न्हाय." रविवारी दुपारी धुणं वाळत घालताना बघितलं, तर काच मधोमध चिरलेली. मी आईला हाक मारली. तिनं विळ्यानं सिमेंट खरवडलं, गवंड्याच्या उरलेल्या सामानातली तशीच दुसरी पट्टी बसवली आणि ओलं दिसू नये म्हणून वर बंबातली राख चोळली. "आई, भिंत हलाय लागलीया की!" मी म्हणाले. "गप. पोराला येगळी खोली न्हाय म्हटल्यावर कोण पोरगी देतंय?" सोमवारी गवंडी खूश झाला. खोली चढली, लग्न झालं. आता आई नातवंडांना त्या खोलीत कधीच झोपू देत नाही, खाली आपल्याजवळ घेते, आणि वहिनी कौतुकानं म्हणते, केवढी माया!