जीपपुढच्या पोरी

मी जीपसमोर आडवी पडले होते. तेरा वर्षांची. पायात चाकांचे बूट, हातात साहेबांच्या फोटोचा फ्लेक्स. बीडच्या रस्त्यावरची खडी गुडघ्यात घुसलेली. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी; त्यांचा वाढदिवस होता. उघड्या जीपमध्ये उभे राहून ते हसत म्हणाले, "ऊठ गं ए! गाडी काय तुझ्यासाठी थांबवू?" डीजे चालूच होता. पोरं मोबाईल काढून हसत होती. आमचे स्केटिंगचे सर धावत आले. मला वाटलं, उचलतील. त्यांनी फ्लेक्स उचलला.

असं जीपपुढं पळण्याच्या बदल्यात आम्हाला फरशी मिळायची. स्केटिंगला गुळगुळीत जमीन लागते, आणि आमच्याकडे ती टिकत नाही. मोंढ्यातल्या धान्याच्या ओट्यावर शिकलो, तिथं गाळे झाले. पाण्याच्या टाकीखालचं सिमेंटचं मैदान होतं, त्याला साहेबांच्या माणसांनी कुंपण घातलं. उरलं साहेबांचंच मंगल कार्यालय. लग्न नसेल त्या दिवशी अक्षता झाडायच्या नि खेळायचं. एक दाणा चाकाखाली आला की तोंडावर आपटायचं. आणि वर्षातून एकदा त्यांच्या जीपपुढं पळायचं. सगळे याला साहेबांचं प्रेम म्हणायचे. मीही म्हणायचे. लाज वाटते आता.

आता सर नाहीत, मी शिकवते. अकरा मुली आहेत. सोमवारी साहेबांचा माणूस आला.

"मॅडम, रविवारी साहेबांच्या वाढदिवसाची मिरवणूक हाय. धाकट्या पोरी पुढं घ्या. व्हिडिओत बऱ्या दिसत्यात."

सगळ्यात धाकटी सात वर्षांची आहे. माझ्या तोंडून निघालं, "न्हाई येणार. एकबी न्हाई."

"कावून?"

"त्या खेळाडू हायत."

तो शांतपणे म्हणाला, "बघा मॅडम. फरशी लई कडक असती."

दुसऱ्या दिवशी कार्यालयाला कुलूप. मग तिघींचे वडील आले, खाली मान घालून मुलींची नावं काढून गेले. कालपासून आमच्या दारासमोर नंबर नसलेली जीप उभी आहे. काचा वर. कुणी उतरत नाही. मी घाबरले आहे, खोटं कशाला सांगू?

पण टाकीखालचं मैदान नगरपालिकेचं आहे. साहेबांच्या बापाचं नाही. कुंपण काढा, असा अर्ज मी लिहिलाय. खाली माझं नाव, पूर्ण. त्याखाली राहिलेल्या आठ मुलींच्या आया. सहा सह्या, दोन अंगठे.

आई म्हणते, "मागल्या दारानं जा बाई."

नाही. अकरा वाजता मी पुढच्या दारानं निघणार आहे. त्या काचेसमोरून. अर्ज हातात धरून.